पहिला प्लांटेड टँक लावताय? मग मासे सगळ्यात शेवटी आणा

रविवारी दुपारी फिश टँक घरी येतो. सोबत रंगीत खडे, प्लास्टिकचं झाड, बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा आणि पिशव्यांमध्ये दहा-बारा मासे. संध्याकाळपर्यंत टँक भरतो, लाईट लागतो, पोरं काचेला नाक लावून बसतात.

बुधवारी पहिला मासा उलटा तरंगताना दिसतो. शुक्रवारपर्यंत आणखी तीन. मग आपण घाबरून सगळं पाणी उपसतो, खडे धुतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून पिळतो आणि नवे मासे आणतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दोन महिन्यांनी रिकामा टँक माळ्यावर जातो.

दुसरीकडे मोबाईलवर रील्स दिसतात. काचेच्या आत हिरवंगार जंगल, शेवाळलेली लाकडं, त्यातून फिरणारा निऑन टेट्रांचा थवा. आपल्याला वाटतं, हे श्रीमंतांचे खेळ आहेत. पण खरा फरक पैशाचा नाही, क्रमाचा आहे. आपण मासे पहिल्या दिवशी सोडतो. ते मासे सगळ्यात शेवटी सोडतात.

असं का, आणि पहिला टँक लावायचा तर नेमकं काय करायचं, हेच आज समजून घेऊ.

अ‍ॅक्वास्केपिंग म्हणजे काय?

पाण्याखाली केलेली बाग. माती, दगड, लाकूड आणि जिवंत पाणवनस्पती वापरून टँकमध्ये एक देखावा उभा करायचा. मासे त्या देखाव्यातले रहिवासी, देखावा म्हणजे त्यांचं घर.

आज जी शैली सगळ्यात जास्त दिसते, ती जपानच्या ताकाशी अमानो यांची. १९५४ साली निगाता इथे जन्मलेले अमानो आधी व्यावसायिक सायकलपटू होते, पुढे निसर्गाचे छायाचित्रकार झाले. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि डोंगर, जंगल, नदीकाठ यांच्यासारखे दिसणारे टँक लावायला सुरुवात केली. २०१५ साली पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी तब्बल ४० मीटर लांबीचा, १ लाख ६० हजार लिटर पाण्याचा टँक उभारला. त्याच वर्षी त्यांचं निधन झालं. टँकमधलं शेवाळ खाणारी एक छोटी कोळंबी आज जगभर त्यांच्या नावाने, 'अमानो श्रिम्प' म्हणून ओळखली जाते.

आपल्याला ४० मीटर नको. दोन फूट पुरे आहेत.

आधी हे समजून घ्या: मासे मेले कशाने?

बहुतेक वेळा दोष दुकानदाराच्या माशांचा नसतो. कारण डोळ्यांना न दिसणारं असतं, ते म्हणजे अमोनिया.

मासा खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात सोडतो. उरलेलं खाद्य आणि कुजणारं पान यांतूनही अमोनियाच तयार होतो. नदीत पाणी अफाट असतं, तिथे तो विरून जातो. ५० लिटरच्या पेटीत तो जाणार कुठे? पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं आणि आत माशाचे कल्ले होरपळत असतात.

निसर्गाने यावर सोय केलेली आहे. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. हेही विषच. ते माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी करतं, म्हणून मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो. मग दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने खूपच निरुपद्रवी आणि झाडांसाठी तर ते खतच.

या सगळ्याला नायट्रोजन सायकल म्हणतात. टँकवाल्यांच्या भाषेत, 'टँक सायकल झाला का?'

आता मुख्य मुद्दा. हे जीवाणू फारसे पाण्यात तरंगत नाहीत, ते फिल्टरच्या स्पंजवर, मातीवर, दगडांवर वस्ती करतात. नव्या कोऱ्या टँकमध्ये ही वस्ती नसते. ती बसायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले, तर आपण त्यांना संडास नसलेल्या बंद खोलीत कोंडलेलं असतं.

आणि मासे मेल्यावर स्पंज नळाखाली पिळला, की जेमतेम बसू लागलेली वस्तीही क्लोरीनच्या पाण्याने धुऊन निघते. आपण पुन्हा शून्यावर. स्वच्छतेच्या नादात मासे मारणं म्हणतात ते हेच.

प्लांटेड टँकचा फायदा इथे कळतो. झाडं वाढताना अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषून घेतात. म्हणजे ती शोभेसाठी नसतात, ती टँकचं सांडपाणी केंद्र असतात.

टँक केवढा घ्यायचा?

नवशिक्यांना वाटतं, छोट्या बाउलने सुरुवात करू. उलट आहे. पाणी जितकं कमी, तितक्या लवकर ते बिघडतं. चमचाभर जास्त खाद्य पडलं तरी बाउलमधलं गणित कोसळतं.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचा टँक पहिल्यासाठी उत्तम. यात काठोकाठ ५४ लिटर पाणी मावतं. पाण्याचंच वजन ५४ किलो, वर काच, माती आणि दगड. त्यामुळे तकलादू टीपॉय चालणार नाही. मजबूत, सपाट स्टँड हवा आणि काचेखाली थर्माकोल किंवा फोमचा पातळ थर हवा.

खिडकीसमोर ठेवू नका. थेट ऊन आलं की काच हिरवी झालीच म्हणून समजा. आणि प्लगची वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोका घेईल अशी सोडा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी बोर्डात शिरणार नाही. टँकमध्ये हात घालण्याआधी बटण बंद करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

तळ: रंगीत खडे नकोत, माती हवी

निळे-गुलाबी खडे मुळांच्या काहीच कामाचे नाहीत. दोन पर्याय आहेत.

पहिला म्हणजे तयार अ‍ॅक्वासॉइल. भाजलेल्या मातीचे हे दाणे पोषक असतात, काम सोपं करतात, पण महाग पडतात. यातले बरेचसे सुरुवातीला स्वतःच अमोनिया सोडतात, हे लक्षात ठेवा.

दुसरा पर्याय कमी खर्चाचा. चाळलेली बागेतली माती, त्यात शेणखत किंवा रासायनिक खत अजिबात नको, तळाला दोन-अडीच सेंटिमीटर पसरायची. वर धुतलेल्या जाडसर वाळूचा तीन सेंटिमीटर थर. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली पुस्तक लिहून ही पद्धत लोकप्रिय केली. एक अडचण आहे: रोप उपटलं की चिखल वर येतो. त्यामुळे एकदा लावलेलं सारखं हलवायचं नाही.

तळ सपाट ठेवू नका. पुढे तीन-चार सेंटिमीटर आणि मागे आठ-दहा सेंटिमीटर असा चढ द्या. एक फूट रुंदीच्या टँकला लगेच खोली आल्यासारखी वाटते.

दगड आणि लाकूड: देखावा इथेच ठरतो

झाडं लावण्याआधी दगड-लाकडांची मांडणी कोरड्या टँकमध्येच करून बघा. फोटो काढा, एक रात्र जाऊ द्या, सकाळी पुन्हा बघा. घाई नको.

तीन गोष्टी पाळल्या तरी पुरे. मुख्य दगड किंवा लाकूड अगदी मधोमध ठेवायचं नाही, टँकचे तीन भाग कल्पून एका बाजूच्या तिसऱ्या भागावर ठेवायचं. सगळे दगड एकाच जातीचे घ्यायचे आणि त्यांच्या रेघा एकाच दिशेला ठेवायच्या. आणि कुठेतरी मोकळी जागा सोडायची. भरगच्च टँक म्हणजे भाजीची पिशवी.

दगडांच्या बाबतीत महाराष्ट्रात आपण नशीबवान. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, तो सहसा पाण्यात काही सोडत नाही. तरी दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाण्याचा जडपणा वाढवणार. दगड साबणाशिवाय, ब्रशने घासून धुवा. उकळू मात्र नका, आतल्या ओलाव्याने तो फुटू शकतो.

हाच नियम कोकणातून आणलेल्या शंख-शिंपल्यांना. ते चुन्याचेच असतात, विरघळत राहतात आणि पाण्याचा पीएच वर ढकलतात. पीएच वाढला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो. आठवण म्हणून ते शोकेसमध्येच ठेवा.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. आधी आठवडा-दोन आठवडे बादलीत बुडवून ठेवा, नाहीतर ते तरंगेल. पाणी चहासारखं होईल, त्याने काही बिघडत नाही. नंतर लाकडावर पांढरी बुळबुळीत साय येते. तीही घाबरण्यासारखी नसते, काही दिवसांत जाते.

झाडं: न मरणाऱ्यांपासून सुरुवात

रील्समधली लालभडक झाडं आणि हिरवळीचे गालिचे बऱ्याचदा तीव्र प्रकाश आणि सिलिंडरमधून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडवर वाढलेले असतात. पहिल्या टँकला तो खटाटोप नको. ही झाडं त्याच्याशिवाय जगतात:

- अनुबियास आणि जावा फर्न. यांचं आडवं खोड मातीत पुरलं तर कुजतं. दोऱ्याने किंवा फेविक्विकसारख्या गोंदाच्या थेंबाने दगड-लाकडाला चिकटवायचं.
- जावा मॉस. लाकडावर बांधलं की जंगलाचा भास होतो.
- क्रिप्टोकोरिन. मध्यभागासाठी. नव्या टँकमध्ये लावल्यावर याची पानं विरघळल्यासारखी गळतात. उपटू नका. मुळं जिवंत असतात, नवी पानं फुटतात.
- व्हॅलिस्नेरिया. मागच्या बाजूला, गवताच्या लांब पात्यांसारखं.
- हॉर्नवर्ट. भारतातल्या तळ्यांमध्येही वाढणारं, झपाट्याने पसरणारं, अमोनिया खाण्यात पटाईत.

पहिल्याच दिवशी भरपूर लावा. दोन काड्या लावून वाट बघितली, तर रिकामी जागा शेवाळ बळकावतं. झटपट वाढणारी झाडं सुरुवातीला जास्त हवीत.

एक इशारा. काही दुकानांत जमिनीवरची झाडं पाणवनस्पती म्हणून विकली जातात. 'लकी बांबू' हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. तो बांबूही नाही आणि पाणवनस्पतीही नाही. पूर्ण बुडवला की हळूहळू सडतो आणि अमोनिया वाढवतो.

पाणी, लाईट, फिल्टर

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं की बरंचसं उडून जातं. अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले तर काम लगेच होतं. बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा जड असतं. व्हॅलिस्नेरिया आणि गप्पी त्यात खूश असतात, नाजूक मासे नसतात.

लाईट सुरुवातीला दिवसाला सहा तास पुरे. महिन्यानंतर फार तर आठ. पंधरा रुपयांच्या पेनापासून लाखाच्या फोनपर्यंत आपण सगळं विसरतो, तेव्हा लाईट बंद करायलाही विसरणार. टायमरचा प्लग घ्या.

फिल्टर ५४ लिटरच्या टँकसाठी ताशी २०० ते ३०० लिटर पाणी फिरवणारा घ्या. साधा स्पंज फिल्टरही चालतो. तो २४ तास चालू राहिला पाहिजे, कारण जीवाणूंना ऑक्सिजन लागतो. रात्री आवाज नको म्हणून बंद करणं म्हणजे त्यांची वस्ती उठवणं. वीज तासन् तास जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा.

आता सगळ्यात अवघड काम: थांबणं

टँक भरला, झाडं लावली, फिल्टर सुरू. आता पाहुणे विचारतील, 'मासे कुठेत?' त्यांना चहा द्या.

पहिला आठवडा. पाणी गढूळ, दुधाळ होऊ शकतं. दर दोन-तीन दिवसांनी तिसरा हिस्सा ते अर्धं पाणी बदला. गळलेली पानं काढून टाका. साध्या वाळूचा टँक असेल तर माशांच्या खाद्याची चिमूट टाका. ती कुजून अमोनिया तयार होईल आणि जीवाणूंना जेवण मिळेल.

दुसरा-तिसरा आठवडा. काचेवर तपकिरी थर येतो. हे डायटम. नव्या टँकमध्ये येतातच, पुसले की जातात. याच काळात बहुतेक लोक हार मानतात. तुम्ही मानू नका.

चौथा आठवडा आणि पुढे. झाडांना नवी पानं दिसू लागतात. आता टेस्ट किटने पाणी तपासा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट थोडं, असं सलग काही दिवस दिसलं की टँक तयार. कॅलेंडरवर विश्वास ठेवू नका, किटवर ठेवा.

हा काळ कमी करायचा एक प्रामाणिक मार्ग आहे. ओळखीतल्या कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधल्या स्पंजचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये टाकायचा. दह्याला विरजण लावतो, तसंच हे.

आणि आता मासे

एकदम सगळे नाही. आधी चार-पाच. मग आठवडा-दोन आठवडे थांबून पुढचे. जीवाणूंची वस्ती अन्नाच्या प्रमाणात वाढते, तिला वेळ द्या.

मासे घरी आणल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला. शेवटी मासे जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओता.

या आकाराला आठ-दहा निऑन टेट्रा किंवा तितकेच झेब्रा डॅनिओ शोभतात. झेब्रा डॅनिओ तर अस्सल भारतीय, शिवाय जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये याच माशावर संशोधन होतं. एखादी हनी गुरामीची जोडीही छान, तीही आपल्या पूर्व भारताकडची. गोल्डफिश मात्र नको. तो मोठा होतो, प्रचंड घाण करतो आणि तुमची बाग सॅलड समजून खातो.

खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. पहिल्या टँकमध्ये उपाशी मरणारे मासे कमी, जास्त खाऊ घातल्याने मरणारे जास्त.

उन्हाळ्यात पाणी तिशीच्या वर गेलं तर झाकण उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. दोन-तीन अंश उतरतात. पाणी आटतं, ते भरत राहा.

'सकर घ्या, टँक साफ ठेवतो'

दुकानात हे वाक्य ऐकू येईलच. अंगठ्याएवढा काळा मासा, काचेला चिकटलेला. घेऊ नका.

हा दक्षिण अमेरिकेतला मासा वाढून फूटभराच्या पुढे जातो. साफ करतो त्यापेक्षा जास्त घाण करतो. मग घरात मावेना म्हणून लोक त्याला 'जीवदान' देतात, म्हणजे जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडतात. भारतातल्या अनेक नद्या-तलावांमध्ये आज हा मासा पसरला आहे. त्याचं खवल्यांचं चिलखत आणि काटे मच्छीमारांची जाळी फाडतात, बाजारात त्याला भाव नाही आणि स्थानिक माशांची जागा तो व्यापतो.

झाडांचंही तसंच. नद्या गिळणारी जलपर्णी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तीही मूळची दक्षिण अमेरिकेतली, सुंदर जांभळ्या फुलांसाठी जगभर नेलेली शोभेची वनस्पती.

म्हणून नियम एकच: टँकमधलं काहीही बाहेरच्या पाण्यात सोडायचं नाही. मासे दुकानात परत करा किंवा दुसऱ्या शौकीनाला द्या. छाटलेल्या फांद्या वाळवून कुंडीत टाका. टँकचं काढलेलं पाणी झाडांना घाला, ते उत्तम खत आहे.

दर आठवड्याचा अर्धा तास

टँक लागला की काम फार उरत नाही. आठवड्यातून एकदा पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. काच पुसा, वाढलेली झाडं छाटा. महिन्यातून एकदा स्पंज धुवा, पण टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच, नळाखाली नाही. आणि सगळा टँक रिकामा करून धुणं कायमचं विसरा.

हिरवं शेवाळ वाढलं तर औषधाच्या बाटलीकडे धावू नका. आधी लाईटचे तास कमी करा, मग खाद्य कमी करा, झाडं वाढवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

शेतकरी आधी जमीन तयार करतो, मग पेरतो, गुरं शेवटी बांधतो. टँकचंही तसंच आहे. माळ्यावर तुमचा जुना टँक पडून असेल तर या रविवारी खाली उतरवा, पाणी भरून गळतोय का ते एक दिवस बघा. नसेल गळत तर माती आणि झाडं आणा. माशांच्या दुकानाचा रस्ता महिनाभर विसरा.